टक्का नेमका कशाचा?

2021 या एका वर्षात जीएम, म्हणजे जनुकीय बदल केलेल्या, धान्याच्या प्रश्नाने भारताला दोन्ही बाजूंनी गाठलं. जून महिन्यात फ्रान्सने युरोपीय महासंघाच्या अन्नसुरक्षा यंत्रणेला कळवलं की, भारतातून आलेल्या तांदळाच्या कणीपासून केलेल्या पिठात जनुकीय बदल केलेल्या तांदळाचा अंश सापडला आहे. भारतात जीएम भाताची व्यावसायिक लागवड होतच नाही, असं आपल्या वाणिज्य मंत्रालयाने उत्तर दिलं. फ्रान्सच्या या सूचनेनंतर दोनच महिन्यांत केंद्र सरकारने 12 लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. ती उतरवण्यासाठी ठरवलेल्या ठिकाणांपैकी एक होतं न्हावा शेवा. कोंबडीखाद्य महागल्यामुळे पोल्ट्रीवाल्यांना पेंड हवी होती, तर भाव पडतील म्हणून सोयाबीन उत्पादक संतापले होते. आणखी एक बदल याच वर्षी लागू झाला. मका, सोयाबीन, गहू, तांदूळ अशी 24 पिकं बाहेरून आणायची तर ती जीएम नसल्याचं प्रमाणपत्र हवं, आणि चुकून भेसळ झालीच तर ती एक टक्क्याच्या आत हवी, असा भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम अमलात आला.

एक टक्का हा काही जगन्मान्य आकडा नाही. युरोपात मंजूर जीएम पिकाचा अंश 0.9 टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर वेष्टनावर तसं छापावं लागतं, आणि तेही प्रत्येक घटकामागे मोजून. ऑस्ट्रेलियात ही मर्यादा एक टक्का आहे, दक्षिण कोरियात तीन, जपान आणि अमेरिकेत पाच. युरोपात मंजुरी नसलेल्या वाणाला अन्नात जवळजवळ शून्य सवलत आहे. म्हणजे दोन टक्के मिश्रण असलेला तोच मका एका बंदरात बिनबोभाट उतरतो आणि दुसऱ्या बंदरात त्याच्यावर शिक्का बसतो.

या सीमा वेगवेगळ्या का, हा राजकारणाचा आणि व्यापाराचा विषय. त्यामागचा प्रश्न मात्र विज्ञानाचा आहे. पोतंभर मक्याकडे बघून कोणालाही जीएम दाणा ओळखता येत नाही. रंग, आकार, चव सारखीच. मग 0.9 आणि 1.1 यांतला फरक प्रयोगशाळा कसा सांगते? आणि तिने सांगितलेला टक्का नेमका कशाचा असतो?

पट्टी काय सांगते

विदर्भ-मराठवाड्यातल्या कापूस उत्पादकाला चाचणीचा सर्वांत सोपा प्रकार ठाऊक असतो. पानाचा तुकडा छोट्या नळीत द्रावणासोबत चुरायचा, त्यात कागदी पट्टी बुडवायची आणि पाच-दहा मिनिटं थांबायचं. एक रेघ उमटली तर पट्टी चालते एवढंच कळतं. दुसरीही उमटली तर पानात बोंडअळीविरुद्धचं बीटी प्रथिन आहे. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने असे संच विकसित केले आणि ते बियाणे तपासणीत रुळले.

त्यांची गरज भारतात बीटी कापसाच्या अधिकृत जन्माआधीच पडली होती. पहिल्या तीन बीटी संकरित वाणांना मार्च 2002 मध्ये मंजुरी मिळाली. पण 2001 च्या हंगामातच गुजरातमध्ये नवभारत 151 या वाणात क्राय-1-एसी हे बीटी जनुक सापडलं होतं आणि तोवर ते शेतात पसरलेलंही होतं. पुढे हाच खेळ तणनाशक सहन करणाऱ्या एचटीबीटी कापसाचा झाला. मंजुरी नसलेलं हे बियाणं ‘चोर बीटी’ म्हणून गावोगाव विकलं जाऊ लागलं. जून 2019 मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीर इथे शेतकरी संघटनेने ते उघडपणे पेरून आंदोलन केलं. पाकिटावर काहीही छापलेलं असो, आतलं बी कोणतं हे सांगायला चाचणीच लागते.

पट्टीची ताकद तिच्या सोपेपणात आहे आणि मर्यादाही तिथेच. ती प्रथिन शोधते. धान्य भाजलं, शिजवलं किंवा तेल काढताना तापवलं की प्रथिनाची घडी मोडते आणि पट्टीला ते ओळखू येत नाही. शिवाय तिचं उत्तर ‘आहे’ किंवा ‘नाही’ इतकंच. टक्केवारी हवी असेल तर शंभर बिया घेऊन एकेक तपासावी लागते. तिथेही शंभरपैकी शंभर बिया बीटी निघाव्यात अशी अपेक्षा करून चालत नाही. हल्लीच्या 475 ग्रॅमच्या पाकिटात बोंडअळीत प्रतिकारशक्ती वाढू नये म्हणून पाच ते दहा टक्के नॉन-बीटी बी मुद्दाम मिसळलेलं असतं.

गुलाबी बोंडअळीने 2017 मध्ये कापूस पोखरला तेव्हा अनेकांना बियाणंच बोगस वाटलं. पण पट्टीवर दोन्ही रेघा उमटणाऱ्या झाडावरही ही अळी जगू शकते, कारण बीटी प्रथिन पचवायला ती शिकलेली आहे. पट्टी प्रथिन आहे की नाही ते सांगते, ते अळीला मारेल की नाही ते सांगत नाही.

डीएनएत काय शोधायचं

प्रथिनापेक्षा डीएनए चिवट. दळणं, भाजणं, वाळवणं यांतून तो तुकड्या-तुकड्यांनी का होईना, टिकतो. पानात, मुळात, दाण्यात, पिठात तो सारखाच असतो. म्हणून व्यापारातला वाद शेवटी डीएनए चाचणीपाशी येतो.

जीएम पिकात बाहेरून घातलेला तुकडा साधारण तीन भागांचा असतो. सुरुवातीला जनुक चालू करणारा प्रमोटर, मध्ये मूळ कामाचं जनुक आणि शेवटी थांबण्याची खूण. बाजारात आलेल्या पहिल्या पिढीतल्या बहुतेक पिकांत प्रमोटर म्हणून फुलकोबीच्या मोझॅक विषाणूतला ‘35एस’ हा तुकडा आणि शेवटची खूण म्हणून अॅग्रोबॅक्टेरियम या जमिनीतल्या जिवाणूचा ‘नॉस’ हा तुकडा वापरला गेला. त्यामुळे प्रयोगशाळा प्रथम याच दोन खुणा शोधते. त्या दिसल्या नाहीत तर बरीचशी शंका मिटते, सगळी नाही. कारण दोन्ही खुणा नसलेली जीएम वाणंही आहेत.

दिसल्या तरी लगेच निकाल देता येत नाही. कोबी, फ्लॉवर, मोहरी, मुळा या कुळातल्या पिकांना तो मोझॅक विषाणू नैसर्गिकरीत्याच होतो. मोहरीच्या नमुन्यात 35एस सापडला, तर मोहरी जीएम असेल किंवा तिला फक्त रोग झाला असेल. म्हणून पुढची पायरी जनुकाची. पण ‘सीपी4-ईपीएसपीएस’ हे तणनाशक सहन करणारं जनुक अमेरिकेच्या सोयाबीनमध्येही आहे आणि चोर बीटी कापसातही. जनुक कळलं, तरी ते कोणत्या वाणातून आलं ते कळत नाही.

खरी ओळख पटते ती सांध्यावर. बाहेरचा तुकडा पिकाच्या गुणसूत्रात जिथे जाऊन बसतो ती जागा प्रत्येक वेळी वेगळी असते. अशा प्रत्येक यशस्वी बैठकीला तज्ज्ञ ‘इव्हेंट’ म्हणतात. पहिल्या बीटी कापसाचा इव्हेंट मॉन 531, बोलगार्ड दोन या पुढच्या बीटी कापसाचा मॉन 15985. जिथे पिकाचा स्वतःचा डीएनए संपतो आणि बाहेरचा सुरू होतो, तो सांधा फक्त त्या इव्हेंटचाच असतो. चाचणी त्या सांध्यावर नेमकी बसवली, तर नुसतं ‘जीएम आहे’ एवढंच नाही, तर ‘हे अमुकच जीएम’ असं नाव घेता येतं.

दुपटीचं गणित

सांधा सापडला; आता तो मोजायचा. इथे पीसीआर कामाला येते. कॅरी मुलिस यांना तिची कल्पना 1983 मध्ये सुचली आणि 1993 मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. नमुना सुमारे 95 अंशांना तापवला की डीएनएचे दोन धागे सुटे होतात. थंड केल्यावर प्रायमर नावाचे छोटे तुकडे आपापल्या जागी चिकटतात आणि उष्णता सोसणारं विकर त्यांच्यापासून पुढे नवा धागा विणतं. एक फेरी झाली की हवा तो तुकडा दुप्पट. तीस फेऱ्यांनंतर एकाचे 107 कोटींहून जास्त होतात.

मोजमापासाठी वापरतात ती ‘रिअल-टाइम’ पीसीआर. तिच्यात प्रत्येक नव्या प्रतीमागे थोडा प्रकाश सुटतो. तो ठरावीक पातळी कितव्या फेरीला ओलांडतो यावर उत्तर अवलंबून. सुरुवातीला रेणू जास्त असतील तर प्रकाश लवकर दिसतो, कमी असतील तर उशिरा. एका नमुन्यात दुसऱ्यापेक्षा दहापट कमी रेणू असतील तर त्याला साधारण 3.3 फेऱ्या जास्त लागतात, कारण दोनाचा 3.3 वा घात जवळजवळ दहा होतो.

पण नुसते जीएम रेणू मोजून टक्का निघत नाही. एकूण किती होते तेही हवं. त्यासाठी त्याच नमुन्यात पिकाचं असं एक जनुक मोजतात, जे त्या पिकाच्या प्रत्येक वाणात असतंच. सोयाबीनसाठी लेक्टिनचं जनुक, मक्यासाठी एचएमजी. जीएम सांध्यांची संख्या भागिले या संदर्भ जनुकाची संख्या, गुणिले शंभर: हा झाला टक्का. यामुळे सोयापिठात निम्मं गव्हाचं पीठ मिसळलं तरी फसायला होत नाही, कारण गव्हाचा डीएनए हिशेबातच येत नाही. युरोपचा नियम प्रत्येक घटकामागे मोजायला सांगतो, तो याच आधारावर.

आणि यंत्राने दाखवलेली फेरी कोणत्या टक्क्याची, हे ठरवायला आधीपासून माहीत असलेली मापं लागतात. बेल्जियममधल्या गील इथल्या युरोपीय आयोगाच्या केंद्रात अशी प्रमाणित पिठं तयार होतात, ज्यांत जीएम आणि साधं पीठ मोजून मिसळलेलं असतं. कोणतीही प्रयोगशाळा आपलं यंत्र अशा पिठाशी ताडून पाहते. हे पीठ ज्या वाणासाठी मिळत नाही, त्याची टक्केवारी विश्वासाने सांगणं अवघड होतं.

सदतीस रेणूंची अडचण

मक्याच्या एका जनुकसंचाचं वजन सुमारे 2.7 पिकोग्रॅम. चाचणीच्या नळीत 100 नॅनोग्रॅम डीएनए घातला, तर त्यात साधारण 37 हजार जनुकसंच येतात. जीएम अंश 0.1 टक्का असेल तर त्या नळीत जीएम रेणू फक्त 37. इतक्या कमी संख्येत निव्वळ योगायोग मोठा होतो. त्याच द्रावणातून पुन्हा पुन्हा तेवढाच थेंब घेतला, तर कधी 28 रेणू येतील, कधी 45. यंत्र किंवा हात चुकतो म्हणून नव्हे, संख्याच लहान आहे म्हणून. जास्त डीएनए घालून हे सुटत नाही. पाना-बियांतले पॉलीफेनॉल, शर्करा वगैरे सोबत येतात आणि पीसीआरच्या विकरालाच अडवतात. कापसाच्या पानांचा डीएनए काढणाऱ्यांना ही डोकेदुखी चांगली परिचयाची.

डिजिटल पीसीआर नावाची नवी पद्धत याच टप्प्यावर उपयोगी पडते. ती 20 मायक्रोलिटरच्या द्रावणाचे सुमारे 20 हजार सूक्ष्म थेंब करते आणि प्रत्येक थेंबात स्वतंत्र पीसीआर चालवते. ज्यात शोधलेला रेणू आहे तो थेंब चमकतो, नसेल तर अंधारा राहतो. मग नुसती मोजदाद. 20 हजारांपैकी दोन हजार थेंब चमकले तर रेणू दोन हजार नसतात, सुमारे 2,107 असतात. काही थेंबांत एकाऐवजी दोन गेलेले असतात आणि रिकाम्या थेंबांच्या प्रमाणावरून तो हिशेब बरोबर लागतो. इथे तुलनेसाठी प्रमाणित पिठाचा आलेख लागत नाही, आणि विकराला अडवणाऱ्या घटकांचाही त्रास कमी होतो. अर्थात 37 रेणूंचे 37 हजार काही डिजिटल पद्धतही करू शकत नाही.

एका दाण्याचे तीन आकडे

मक्याचे शंभर दाणे घ्या. त्यांतला एक जीएम संकरित. वजनाने किंवा दाण्यांच्या संख्येने हा एक टक्का झाला. डीएनएने मात्र होत नाही.

संकरित दाण्यात जीएम जनुक बहुधा एकाच पालकाकडून आलेलं असतं. दाण्यातल्या अंकुरात आईचा एक आणि बापाचा एक जनुकसंच, म्हणून जीएम वाटा निम्मा. अंकुराभोवतीच्या पिठूळ भागात मात्र आईचे दोन आणि बापाचा एक असे तीन संच असतात. जीएम पालक बाप असेल तर तिथला वाटा एक तृतीयांश, आई असेल तर दोन तृतीयांश. म्हणजे त्याच शंभर दाण्यांची डीएनए चाचणी केली तर उत्तर 0.4 किंवा 0.6 टक्क्याच्या आसपास येईल. प्रयोगशाळा बरोबर, आणि दाणे मोजणाराही बरोबर.

आपल्या बीटी कापसातही हेच. संकरित बियाणं शंभर टक्के बीटी असलं तरी एकाच पालकाकडून जनुक आलेलं असेल, तर त्याचा डीएनए टक्का पन्नासच दिसतो. त्या झाडाच्या बोंडातली सरकी तर पुढच्या पिढीची असते. एका जनुकाच्या बाबतीत तिच्यातल्या साधारण चारपैकी एका बीमध्ये ते उतरतच नाही. सरकीच्या ढिगाऱ्याची चाचणी करून मूळ बियाण्याच्या शुद्धतेबद्दल बोलणं म्हणूनच धोक्याचं.

उलट घोळ होतो तो एकाच दाण्यात दोन-तीन इव्हेंट एकत्र असले की. पिठात प्रत्येक इव्हेंट वेगळा मोजला जातो, आणि दहा जीएम दाण्यांचा अंश वीस-तीस दाण्यांसारखा भासतो. जपानने यावर वेगळा मार्ग काढला: मक्याच्या बाबतीत पीठ करण्याऐवजी दाणे स्वतंत्रपणे किंवा लहान गटांत तपासायचे. युरोपीय आयोगाने 2004 मध्ये जनुकसंचांच्या संख्येत टक्का सांगण्याची शिफारस केली, तर 2011 मध्ये पशुखाद्यातल्या मंजुरी नसलेल्या इव्हेंटसाठी 0.1 टक्क्याची मर्यादा घालताना वजनाचं माप धरलं. दोन्हींत रूपांतर करायचं तर पुन्हा एक गृहीत धरलेला गुणक येतो.

पोत्यापासून नळीपर्यंत

या सगळ्या काटेकोरपणावर एका गोष्टीने पाणी फिरू शकतं: नमुना. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण एका पातेल्यातली शितं सारखीच शिजलेली असतात. जहाजातलं धान्य तसं नसतं. एका कोपऱ्यात एका शेताचा माल, दुसऱ्यात दुसऱ्याचा. युरोपात उतरलेल्या सोयाबीनच्या जहाजांचा अभ्यास केला गेला तेव्हाही जीएम दाणे सगळीकडे सारखे पसरलेले नसून गठ्ठ्यागठ्ठ्यांनी असल्याचं दिसलं. म्हणून पोत्यांत, ट्रकमध्ये, जहाजाच्या वेगवेगळ्या खोलींवर टोकदार पोकळ नळी खुपसून पुष्कळ ठिकाणचे दाणे काढतात, एकत्र करतात, आणि त्या ढिगाचे पुन्हा पुन्हा भाग पाडून प्रयोगशाळेचा नमुना ठरवतात.

तो किती मोठा हवा याचं साधं सूत्र आहे: तीन भागिले शोधायचं प्रमाण. हजारात एक जीएम दाणा असलेला माल 95 टक्के खात्रीने पकडायचा तर तीन हजार दाणे हवेत. मक्याचे तीन हजार दाणे जवळजवळ किलोभर भरतात. पाचशे दाणे तपासून ‘जीएम आढळलं नाही’ असा अहवाल आला, तर अशा मालात निम्म्याहून जास्त वेळा तोच अहवाल येईल. पीसीआर कितीही संवेदनशील असली तरी जो दाणा नमुन्यातच आला नाही तो तिला दिसणार नाही.

त्यानंतर दळण. तीन हजार दाण्यांचं पीठ इतकं बारीक आणि एकजीव हवं की त्यातून घेतलेली चिमूट सगळ्या दाण्यांची बाजू मांडेल. दळण्याच्या खोलीतली हवा आणि भांडी पीसीआरच्या खोलीपासून वेगळी ठेवावी लागतात. आधीच्या नमुन्याची धूळ राहिली तर पुढच्या निर्दोष मालावर डाग लागतो.

जे मोजता येत नाही

रिफाइंड तेलात डीएनए जवळजवळ उरतच नाही. बीटी सरकीचं तेल आणि साध्या सरकीचं तेल ही चाचणी वेगळी करू शकत नाही. तिथे उपाय एकच, शेतापासून डब्यापर्यंतची कागदपत्रं. सोयापेंडीचं तसं नाही. ती उगवत नाही, म्हणून तिला परवानगी देताना पेंडीत सजीव काही नाही असं सांगितलं गेलं. उगवण्याचा आणि चाचणीत दिसण्याचा संबंध मात्र नाही: न उगवणाऱ्या पेंडीतही डीएनए असतो आणि तो ओळखता येतो.

दुसरी अडचण ज्या वाणाची ओळखच कोणाकडे नाही त्याची. सांधा शोधायला आधी त्याचा क्रम माहीत हवा, आणि तो सहसा वाण बनवणाऱ्या कंपनीकडून मंजुरीच्या कागदपत्रांसोबत मिळतो. ऑगस्ट 2006 मध्ये अमेरिकेच्या लांब दाण्याच्या तांदळात एलएल-राइस 601 हे बेयर कंपनीचं वाण सापडलं. तेव्हा ते बाजारात आलेलंही नव्हतं, प्रायोगिक शेतापलीकडे जायला नको होतं. कंपनीला 2011 मध्ये शेतकऱ्यांशी 75 कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. अशा वाणाच्या बाबतीत नेमकी चाचणी उपलब्ध होईपर्यंत हाती असतात फक्त 35एससारख्या सर्वसाधारण खुणा.

आणि आता येतंय जनुक-संपादन. भारताने मार्च 2022 मध्ये परका डीएनए न उरणाऱ्या संपादित वाणांना जीएमच्या नियमांतून वगळलं आणि मे 2025 मध्ये अशा दोन भातवाणांची घोषणा झाली. त्यांत ना 35एस, ना परका सांधा. एक-दोन अक्षरांचा बदल असेल तर तो नेमका कुठे हे माहीत असताना शोधता येतो. पण तो जनुक-संपादनाच्या कात्रीने केला की निसर्गात आपोआप झाला, हे डीएनएवर कुठेही लिहिलेलं नसतं.

अहवाल वाचताना

जाणकार प्रयोगशाळेच्या अहवालात नुसता आकडा नसतो, त्यासोबत अनिश्चितताही असते. या चाचण्यांत 25 टक्क्यांपर्यंतचं विचलन मान्य धरलं जातं, म्हणजे खरं प्रमाण 0.9 असताना 0.7 किंवा 1.1 येणं यात गैर काही नाही. ‘1.2 अधिक-उणे 0.4’ असा निकाल आला तर युरोपात 0.9 ची मर्यादा ओलांडली असं म्हणत नाहीत, कारण अनिश्चितता वजा केल्यावर उरतो 0.8. संशयाचा फायदा मालाला मिळतो.

म्हणून बियाण्याचं पाकीट असो, सोयापेंडीचा कंटेनर असो की निर्यातीची कणी, कागदावरच्या टक्क्याला चार प्रश्न विचारावेत. नमुना किती दाण्यांचा आणि कुठून कुठून घेतला? नुसती 35एसची खूण सापडली की इव्हेंटचं नाव पटलं? टक्का वजनाचा, दाण्यांचा की जनुकसंचांचा? आणि अधिक-उणे किती? या चारांची उत्तरं असतील तर 0.9 आणि 1.1 यांवर वाद घालण्यात अर्थ आहे. ती नसतील तर तो आकडा ना शेतकऱ्याच्या बाजूचा पुरावा ठरतो, ना कंपनीच्या, ना सरकारच्या.